गप्प बसण्याचा हक्क

मस्कतमधल्या आमच्या अल् खुवैरच्या घरातला एसी इतका घरघरायचा की जेवताना एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागे. बाबा एका कंत्राटदार कंपनीत एसीचे फोरमन. सरकारी कचेऱ्या, शाळा, दवाखाने, सगळं गार करत फिरणारा माणूस, आणि घरी मात्र खिडकीत तो जुनाट डबा. आई रोज म्हणायची, "लोकांच्या दुरुस्त्या करत उन्हातान्हात फिरता, हा तेवढा बघा की." बाबा म्हणायचे, "अगो, तो बोलका आहे म्हणून ठेवलाय." बाबांना बोलकं सगळंच आवडायचं. त्यांची सगळी कामं बोलण्यावर चालायची. रहदारीच्या पोलिसानं अडवलं तर ते काच खाली करून आधी त्याच्या तब्येतीची, मग त्याच्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी करत. तोडकंमोडकं अरबी, त्यात हिंदी, मध्येच गुहागरकडचा एखादा शब्द, आणि समोरचा हसला की यल्ला, सुटलो. कंपनीच्या मालकाला, म्हणजे अर्बाबला, ते चहा पीत पीत तासभर गोष्टी सांगत आणि उठताना दोन माणसांची रजा मंजूर करून घेत. मलाही त्यांनी लहानपणीच टिटवी हे नाव ठेवलं होतं, कारण मी सकाळी डोळे उघडले की तोंडही उघडायची. घरात मला कुणी खऱ्या नावानं हाक मारलीच नाही. ‘टिटवी, पाणी आण’, ‘टिटवी, अभ्यास झाला का’, असंच चालायचं.

गुरुवारी संध्याकाळी घराला वास यायचा सुरमईच्या कालवणाचा. शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवारची रात्र ही आमची चैन. आई गावाहून आणलेली आमसुलं मोजून वापरायची, आणि कुणी सोलकढीत जरा हात सैल सोडला की लगेच म्हणायची, "आता पुढच्या मे महिन्यापर्यंत पुरवायची आहेत ही." खालच्या दुकानातली खुब्ज, म्हणजे तिथली अरबी रोटी, भाकरीच्या जागी चालवून घेतलेली. आता मी ती कुठे मिळाली तरी खात नाही. चव वाईट असते असं नाही, पण घशाखाली उतरत नाही.

मी तेव्हा बारावीला होते. शाळा भारतीय अभ्यासक्रमाची, पण आम्ही मुलं आपसात इंग्रजीतच बोलायचो, आणि माझं मराठी असं होतं की आजीला फोन केला की ती आईला विचारायची, "पोरगी तोतरी आहे काय गो?" आज मी जे हे लिहिते आहे ते मराठी मी नंतर, गावी परतल्यावर, हसं करून घेत घेत कमावलेलं आहे. तर त्या वर्षी शाळेत एक नवीन खूळ आलं. आंतरशालेय अभिरूप न्यायालय. म्हणजे मुलांनीच वकील व्हायचं, एक खटला घ्यायचा, दोन बाजूंनी लढायचा. आमच्या सुझन मिसनी विषय निवडला अमेरिकेचा. कुणीतरी विचारलं, अमेरिकेचाच का? मिस फार सरळ बाई. म्हणाल्या, इथल्या कायद्यावर मुलांनी बोललेलं प्रिन्सिपॉलना चालणार नाही, भारताच्या कायद्यावर बोललेलं पालकांना चालणार नाही, अमेरिका लांब आहे, तिच्यावर बोलून कुणाचं काही बिघडत नाही. मला हे वाक्य आठवलं की आजही दात-ओठ खावेसे वाटतात.

मस्कत सोडून गेलेल्या एका अमेरिकन कुटुंबानं शाळेला पुस्तकांची दोन खोकी दिली होती. त्यात जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक होतं, तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या गाजलेल्या निकालांचं. मी ते घरी आणलं आणि सोडलंच नाही. रोज जेवताना बाबा विचारायचे, "टिटवी, आज कुठली केस?" आणि मी माझ्या मोडक्या मराठीत सांगायची. त्या खटल्यांची इंग्रजी नावं बाबांच्या जिभेला वळायची नाहीत, म्हणून आम्ही आमची नावं ठेवली. पट्टीवाली केस, म्हणजे युद्ध नको म्हणून दंडावर काळ्या पट्ट्या बांधून शाळेत गेलेली मुलं. शाळेनं त्यांना घरी पाठवलं, तर कोर्टानं सांगितलं की शाळेच्या फाटकातून आत आलं म्हणून मुलांचा हक्क बाहेर राहत नाही. पेन्सिलवाली केस, म्हणजे फ्लोरिडातल्या तुरुंगात बसलेला एक गरीब कैदी, ज्यानं पेन्सिलीनं अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला की मला वकील मिळाला नाही. आणि तेव्हापासून अशा खटल्यांत ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारनं तो द्यायचा असं ठरलं. ही केस बाबांना इतकी आवडली की त्यांनी ती ऑफिसात सगळ्यांना सांगितली. मी पाचव्या घटनादुरुस्तीबद्दल सांगायला लागले तेव्हा म्हणाले, "पाचवी दुरुस्ती? मग मशीनच बदला म्हणावं!" आई हसता हसता ठसकली होती.

आणि मग गप्पवाली केस. आमच्या शाळेनं स्पर्धेला तीच घेतली होती. पकडलेल्या माणसाला पोलिसांनी प्रश्न विचारण्याआधी सांगायचं की बाबा रे, तुला गप्प बसायचा हक्क आहे. आणि खटल्यात, आरोपी स्वतः साक्षीला उभा राहिला नाही तर ‘हा बोलला नाही म्हणजे ह्यानंच केलं असणार’ असं सरकारी वकिलानं ज्यूरीतल्या पंचांना म्हणायचं नाही. बाबा घास हातात धरून ऐकत राहिले. "म्हणजे पोलीसच सांगतात, बोलू नको? कमाल आहे बुवा. आपल्याकडे तर न विचारता आपणच बोलून मोकळे होतो."

गुरुवारच्या जेवणाला इक्बालमामा असायचे. दापोलीजवळच्या खाडीकाठचे. बाबांच्याच कंपनीत एसीच्या नळ्या बसवायचे. इब्राला कंपनीचं काम चालू होतं, तिथल्या कॅम्पात आठवडाभर राहायचे आणि गुरुवारी कंपनीच्या पिकअपमधून मस्कतला यायचे. आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावून "काय गो वहिनी, कालवणाचा वास थेट इब्रापर्यंत येतोय" म्हणायचे. येताना तिथल्या बाजारातून खजूर आणायचे, आणि ईदला शीरखुर्मा स्वतः आमच्या ओट्यावर करायचे, आईला बाजूला सारून. बाबा आणि ते एकाच वर्षी, एकाच कंपनीत आले होते. भांडायचे मात्र असे की शेजारच्या भिंतीवर थापा पडायच्या. अकरा वर्षं मामांचा पगार जवळजवळ तेवढाच होता. सोडून दुसरीकडे जायचं तर कंपनीचं ना-हरकत पत्र लागायचं, एनओसी, आणि ते कंपनी देत नव्हती. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसातल्या तिजोरीत. कंपनीनं असा पासपोर्ट ठेवून घ्यायचा नसतो हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं, आणि सगळ्यांचे पासपोर्ट तिजोरीत होते. "तिथं सुरक्षित राहतो," असं बाबासुद्धा म्हणायचे.

एका गुरुवारी मी मामांना काम सोडणाऱ्याची केस सांगितली. फार जुनी. अमेरिकेच्या दक्षिणेतला एक काळा मजूर, वर्षभराच्या करारावर शेतात कामाला लागला, उचल घेतली, आणि महिन्याभरात निघून गेला. तिथल्या राज्याचा कायदा असा की काम सोडलं म्हणजेच फसवणूक केली, चल तुरुंगात. सुप्रीम कोर्टानं तो कायदा मोडीत काढला, कारण असा धाक घालून राबवणं म्हणजे मागल्या दारानं गुलामीच. मी सोळा वर्षांची, तोंडाला फेस येईस्तोवर बोलत होते. वर मामांना विचारलंही, "मामा, तुम्ही काय गुलाम आहात का?" मामा ताटातला काटा बोटानं सरकवत बसले. बाबा तेव्हा बाल्कनीत एक फळी ठोकत होते, त्यांनी हे ऐकलं नाही. पुढच्या गुरुवारी मामांनी मला हळूच एक चिठ्ठी दिली. कतारमधल्या, दोह्यातल्या एका कंपनीचा पत्ता. "बाय, इंग्रजीत अर्ज लिवून धाडशील? माजा ईमेल का काय तो नाय. नुसतं बघूया गो, काय म्हणतात ते."

मी लिहिला. एवढा सुंदर लिहिला की काय सांगू. आणि पाठवला माझ्या ईमेलवरून, जो मी सातवीत असताना टिटवी ह्या नावानं उघडला होता, पुढे आमचा फ्लॅट नंबर. दोन आठवड्यांत उत्तर आलं, नोकरी पक्की. बाबा नमाजाच्या वेळी बंद असलेल्या दुकानापुढे उभे होते दही घ्यायला, आई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, आणि मी मामांना ते पत्र कानाशी वाचून दाखवलं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बापसाला सांगू नको हां. मीच सांगतो योग्य येळेला." मला त्यात फार मोठं वाटलं. वकिलाकडे अशिलाचं गुपित असतं ना, तसं. मी नाही सांगितलं.

आता कंपनीची रीत अशी होती, आणि ती रीत गल्फमध्ये राहिलेल्या कुणालाही नवी नाही, की रजेवर गावी जायचं तर तिजोरीतला पासपोर्ट हातात मिळण्यासाठी एका सहकाऱ्यानं जामीन राहायचं. ‘हा परत येईल, न आल्यास मी जबाबदार’, असा कागद. त्यावर सही करणाऱ्याचा स्वतःचा पासपोर्ट तिजोरीत असतोच. मामांनी पुतणीच्या लग्नाला म्हणून दीड महिन्याची रजा टाकली. जामीन कोण? आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. बाबांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवून सही केली, आणि त्या गुरुवारी घरी येऊन मामांना सांगितलं, "येताना काजू आण, आणि सुकी कोळंबी." मी तिथंच बसले होते, कोशिंबिरीच्या वाटीवर मान घालून. मामा परत येणार नाहीत, गावाहून दोह्याला जाणार, हे मला ठाऊक होतं. मामा माझ्याकडे बघत नव्हते आणि मी मामांकडे.

मी पुष्कळदा स्वतःशी वाद घातला आहे की सोळाव्या वर्षी जामीन म्हणजे काय ते मला नीट कळत नव्हतं. खोटं आहे ते. कळत होतं. मला वाटलं, बाबा आहेत, बोलून निभावतील.

मामा आले नाहीत. रजा संपून आठवडा गेला, मग दुसरा. बाबांनी गावच्या नंबरावर फोन लावला तर मामांची बायको रडायला लागली आणि फोन ठेवला. मग एके दिवशी लांबलचक परक्या नंबरावरून मामांचाच फोन आला. बाबा नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "इक्बाल, अरे मला एका शब्दानं सांगायचं होतंस." तिकडून काय बोलणं झालं ते बाबांनी आईला सांगितलं. मामा म्हणाले होते, तुला कोण काय करतंय सदानंद, तुझ्याशिवाय कंपनीचं एक मशीन तरी चालतं काय. आईनं त्या दिवशी मामांसाठी ठेवलेला खास मोठा स्टीलचा पेला भांड्यांच्या अगदी तळाशी टाकला. माझं नाव मामांनी घेतलं नव्हतं, हे मला बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं आणि, लाज वाटते सांगायला, माझा जीव भांड्यात पडला.

ऑफिसातून बोलावणं आलं रविवारचं. आदल्या शुक्रवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे अल मवालेहच्या भाजीबाजारात गेलो. आई मेथीच्या जुड्या उचकत होती. बाबा माझ्याबरोबर टोमॅटोच्या खोक्यांपाशी उभे होते आणि बोलण्याची तालीम करत होते. "आधी मॅनेजरला सांगतो, साहेब, चूक झाली, ओळखीचा माणूस होता. मग अर्बाबकडे जातो. त्याच्या धाकट्याच्या खोलीतला एसी मी ऐन रमजानात लावून दिलाय, विसरायचा नाही तो. इन्शाल्ला निघेल काहीतरी. पण ते विचारतील, तुला ठाऊक होतं का? इक्बालला हे कोणी सुचवलं? एकट्याचं काम नाही हे, इंग्रजीत सही करताना त्याचा घाम निघतो."

आणि मी म्हटलं, "बाबा, तुम्ही एक शब्द बोलू नका."

"म्हणजे?"

"गप्प बसायचं. तुम्हाला हक्क आहे. तुम्ही जे बोलाल ते तुमच्यावरच उलटवतील. पुरावा त्यांनी आणायचा, तुम्ही नाही."

"अगो, ते पोलीस नाहीत."

"तत्त्व तेच आहे, बाबा!" मी बाजारात ओरडले. दोन ओमानी म्हातारे वळून बघायला लागले. "माणसाला स्वतःविरुद्ध बोलायला लावायचं नाही. मी तीन महिने तेच तर वाचतेय. तुम्ही खूप बोलता, बाबा. बोलता बोलता काहीतरी कबूल करून बसाल."

बाबांनी एक टोमॅटो उचलला, दाबून पाहिला, परत ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मला जरा कौतुक दिसलं. "बघ हो," ते आईला म्हणाले, "आपल्याला घरातच वकील मिळाली. पेन्सिलसुद्धा नको." आई म्हणाली, "तिचं काय ऐकता? तोंड आहे ना देवानं दिलेलं? पाया पडा, रडा, काय वाट्टेल ते करा." मी आईकडे तुच्छतेनं पाहिलं. बाबांसाठी बोलत होते का मी? थोडंसं असेनही. पण बाबा बोलायला लागले की धागा निघत निघत माझ्यापर्यंत येणार, ही भीती होती, आणि ती सगळ्यात मोठी होती. तिच्यावर मी सुप्रीम कोर्टाचा निकाल पांघरला, झालं.

रविवारी बाबा दुपारीच घरी आले. कधी नव्हे ते. बूट काढले, एसीखाली बसले. आईनं लिंबाचं सरबत पुढे केलं. मी दारात उभी. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तू म्हणालीस तसंच केलं. गप्प बसलो." मी विचारलं, "मग?" तर म्हणाले, "उद्या परत बोलावलंय." सोमवारीही ते गप्प बसले. मॅनेजर आपलाच, हिंदी बोलणारा. त्यानं शेवटी सांगितलं, "सदाभाई, जो चुप रहता है वो मिला हुआ होता है. खलास." अर्बाबला भेटूच दिलं नाही. व्हिसा रद्द, महिनाअखेरीला घर खाली करायचं, एनओसी नाही. म्हणजे दोन वर्षं परत ओमानात पाय ठेवायची सोय नाही. अकरा वर्षं बोलून बोलून उभं केलेलं सगळं, दोन दिवस गप्प बसून गेलं.

त्याच आठवड्यात स्पर्धेची अंतिम फेरी होती. मी जायला नको म्हणत होते, पण बाबाच घेऊन गेले आणि मागच्या रांगेत बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. परीक्षक म्हणून आलेल्या एका वयस्कर वकिलांनी मला विचारलं, "समजा एक माणूस निर्दोष आहे. मग तो गप्प का बसेल?" मला उत्तर तोंडपाठ होतं. मी धडाधड सांगितलं, की निर्दोष माणूसही घाबरतो, अडखळतो, दुसऱ्या कुणाला अडचणीत आणायला नको म्हणून थांबतो, म्हणूनच मौनाचा अर्थ काढायचा नाही. टाळ्या पडल्या. सर्वोत्कृष्ट वक्त्याचा कप मला मिळाला. बाबांनी तो घरी येईपर्यंत मांडीवर धरला होता. बारावीची परीक्षा मात्र मी त्या वर्षी दिलीच नाही. मध्येच शाळा सुटली, वर्ष गेलं. घर रिकामं करताना आईनं जुनी गादी, तुटकी सुटकेस आणि माझा कप, तिन्ही वस्तू कचऱ्याच्या पेटीशेजारी नेऊन ठेवल्या. मी किंचाळले, तर म्हणाली, "वजन होतं विमानात." तो कप पाव किलोचाही नव्हता. ती माझ्यावर का चिडली आहे ते मला कळेना.

चिपळूणला बाबांनी फ्रिज-एसी दुरुस्तीचा गाळा घेतला. चाललं बरं. पण बोलणं गेलं. गिऱ्हाईक म्हणायचं, काय झालंय मशीनला? बाबा म्हणायचे, "गॅस." बस. पोलीस, शेजारी, नातेवाईक, कुणाशीच नाही. मला टिटवी म्हणायचेही थांबले, नावानं हाक मारू लागले, आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं की दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत. इक्बालमामा एकदा दोह्याहून आले तेव्हा काजूची पिशवी घेऊन गाळ्यावर उभे राहिले. बाबांनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला, आणि दोघं तासभर रस्त्याकडे बघत बसले.

मी वकील झाले. दुसरं काय होणार? आणि पुढे, नीट शिकल्यावर, मला एक गोष्ट कळली जी त्या जाड पुस्तकात होती, मीच घाईत वाचली नव्हती. ते सगळे मोठमोठे हक्क सरकारच्या विरोधात आहेत. पोलिसानं, सरकारी वकिलानं, कोर्टानं पाळायचे. खासगी मालकानं टेबलापलीकडून विचारलं आणि नोकर गप्प बसला, तर तो मालक त्याला अमेरिकेतसुद्धा खुशाल काढू शकतो. म्हणजे मी बाबांच्या हातात जे दिलं ते अमेरिकेतही चाललं नसतं. हे कळलं त्या दिवशी मी ग्रंथालयातून उठून बसस्टँडवर जाऊन बसले होते, गाडी कुठली पकडायची ते ठरवता येईना.

बाबा गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, मी आणि आई दोघीच उरलो. आई मसाल्याचे डबे पुसत होती. मी नेहमीचं रडगाणं सुरू केलं, जे मी वर्षानुवर्षं मनात गात होते आणि त्या दिवशी मोठ्यानं म्हटलं, "माझं ऐकून गप्प बसले गं ते. मी शहाणपणा केला नसता तर..."

आईनं फडकं आपटलं. "तुझं ऐकून? एवढं डोकं नव्हतं फिरलं माझ्या नवऱ्याचं. रविवारी बोलायचं ठरवूनच गेला होता तो. सगळं पाठ करून गेला होता, अगदी अर्बाबच्या पोराच्या एसीपर्यंत."

ती उठली आणि शिवणाच्या डब्यातून, बटणांच्या खालून, घडी पडून चार तुकडे व्हायला आलेला एक कागद काढून माझ्यापुढे टाकला. माझा अर्ज. माझं ते सुंदर इंग्रजी. इक्बालमामा रुजू झाल्यावर दोह्याच्या कंपनीनं त्यांची चौकशी करताना जुन्या कंपनीला पाठवलेला. वर पाठवणाऱ्याचा पत्ता, टिटवी आणि आमचा फ्लॅट नंबर, आणि त्याभोवती मॅनेजरनं लाल पेनानं काढलेलं वर्तुळ.

"मॅनेजरनं हा पुढ्यात सरकवला," आई म्हणाली. "म्हणाला, हा कोण एजंट आहे, आमची माणसं पळवतो? त्याचं नाव सांग, तुला सोडतो. मॅनेजर हिंदी मुलखातला, त्याला काय कळणार टिटवी म्हणजे कोण. कागद घरी ने म्हणाला, विचार कर, उद्या सांग. तुझ्या बापानं खिशात घातला. तू दारात उभी होतीस, तेव्हा तो खिशातच होता."

मला आठवलं ते बराच वेळ बघणं. म्हणजे त्या क्षणी त्यांना सगळं ठाऊक होतं. अर्ज मी लिहिला होता. ते सही करत होते तेव्हा मला माहीत होतं. आणि बाजारात मी कुणाला वाचवत होते, तेही.

अमेरिकेच्या कायद्यात आपल्याविरुद्ध न बोलण्याचा हक्क आहे. नवरा-बायकोला एकमेकांविरुद्ध न बोलण्याची मुभा आहे. बापानं मुलीविरुद्ध न बोलण्याची सोय त्यांच्या सुप्रीम कोर्टानं कधी दिलेली नाही. मी शोधली आहे. बाबांनी ती कुणाला न विचारता घेतली, आणि तिची किंमत आयुष्यभर भरली.

"मग मला का नाही विचारलं त्यांनी?" मी आईला म्हटलं. "इतक्या वर्षांत, एकदा तरी?"

आईनं डब्याचं झाकण लावलं. "मी म्हटलं होतं, विचारा तिला. दर वर्षी म्हणायची. तर म्हणायचे, नको. विचारलं तर ती खोटं बोलेल, आणि मला ते कळेल."